औषध कोणत्या पेशीतून आले आणि कोणाच्या हाती पोहोचले?

२०२१ साली कोविडची लस आपल्याकडे आली, तेव्हा भाविकांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला होता. ही लस म्हणे गर्भपात झालेल्या बालकाच्या पेशींपासून तयार होते. मग ती टोचून घेणे पाप तर ठरणार नाही ना? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशील्ड लस ‘एचईके-२९३’ नावाच्या मानवी पेशींत वाढवली जात होती, ही गोष्ट खरी होती. व्हॅटिकनने त्याविषयी मार्गदर्शन केले, बहुतेकांनी लस घेतली आणि साथ ओसरल्यावर तो प्रश्नही मागे पडला.

प्रश्न मागे पडला, तरी संपला नाही. कर्करोग, संधिवात, हिमोफिलिया आणि मूत्रपिंडाचे विकार यांवर आज दिली जाणारी अनेक महागडी इंजेक्शने जिवंत पेशींच्या साहाय्यानेच तयार होतात. ट्रास्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब, एरिथ्रोपोएटिन अशी नावे आता डॉक्टरांच्या चिठ्ठीतून घराघरांत येऊन पोहोचली आहेत. ती वाचताना कुटुंबापुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात. हे औषध आले कोठून, हा पहिला. त्याचे पैसे आणायचे कोठून, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची आपल्याकडे बरीच चर्चा झाली. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र ज्याचे त्यालाच झुंजावे लागते. वास्तविक हे दोन्ही प्रश्न सदसद्विवेकबुद्धीचे आहेत, आणि त्यांतील दुसरा अधिक मोठ्या प्रमाणावर अनुत्तरित आहे, असे आम्हांस वाटते. हे मत तपासून पाहण्यासाठी या औषधांची जन्मकथा आधी समजून घेऊ या.

जिवंत पेशींचा कारखाना

ताप किंवा डोकेदुखीवरील साधी गोळी ही रसायनांच्या संयोगातून तयार होते. तिचा रेणू लहान असतो. प्रथिनांची औषधे निराळी. त्यांचा रेणू शेकडो, कधी हजाराहून अधिक दुव्यांच्या साखळीचा बनलेला असतो. ती साखळी ठरावीक पद्धतीने दुमडली तरच औषध काम करते. एवढी गुंतागुंतीची रचना माणसाला कारखान्यात रसायने मिसळून उभी करता येत नाही. ती जिवंत पेशीच करू जाणे.

१९२२ साली कॅनडातील टोरांटो येथे मधुमेहाच्या रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन देण्यात आले. त्यानंतर अनेक दशके इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात होते. १९८२ साली जिवाणूंमध्ये मानवी जनुक घालून तयार केलेले इन्सुलिन अमेरिकेत मान्य झाले आणि वैद्यकात एक नवे युग सुरू झाले. इन्सुलिन हे लहान प्रथिन असल्याने जिवाणूंना ते झेपले. मोठी प्रथिने मात्र त्यांना झेपेनात. माणसाच्या शरीरातील अनेक प्रथिनांवर शर्करेच्या लहान लहान फांद्या चढवलेल्या असतात. त्या फांद्यांवर प्रथिन रक्तात किती काळ टिकेल आणि नेमके काम कसे करील, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. जिवाणूला ही कलाकुसर साधत नाही. सस्तन प्राण्याच्या पेशीला ती उपजतच येते. म्हणून शास्त्रज्ञ सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे वळले.

एका हॅमस्टरची वंशावळ

ज्या पेशींनी या क्षेत्रावर सर्वाधिक प्रभाव गाजवला, त्यांचे मूळ एका चिमुकल्या प्राण्यात आहे. चिनी हॅमस्टर हा उंदराच्या वर्गातील प्राणी. त्याच्या पेशीत केवळ २२ गुणसूत्रे असल्याने आनुवंशिकतेच्या अभ्यासकांना तो सोयीचा वाटे. १९४८ च्या अखेरीस, चीनमध्ये यादवी युद्ध पेटलेले असताना, या प्राण्यांच्या काही जोड्या अमेरिकेत नेण्यात आल्या आणि तेथे त्यांची पैदास सुरू झाली. १९५७ साली डेन्व्हर येथील कोलोरॅडो विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात थिओडोर पक यांनी एका मादीच्या अंडाशयातील पेशी काचपात्रात वाढवल्या. एरवी शरीराबाहेर काढलेल्या पेशी काही काळ वाढून थांबतात. या पेशी थांबल्या नाहीत. त्या विभागत राहिल्या आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पसरल्या. ‘चायनीज हॅमस्टर ओव्हरी’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘सीएचओ’ पेशी म्हणतात.

घरातील विरजणाची उपमा येथे समर्पक ठरेल. आजचे दही लावण्यासाठी कालच्या दह्यातील चमचाभर विरजण पुरते. प्रत्येक वेळी नवे विरजण शोधावे लागत नाही. तसेच या पेशींचे आहे. आज औषध करण्यासाठी नव्याने हॅमस्टर मारावा लागत नाही. १९५७ च्या त्या एका मादीच्या पेशींचेच वंशज आजही वाढत आहेत. अशा अखंड चालणाऱ्या पेशींच्या वंशाला ‘सेल लाइन’ म्हणतात. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा अनेक सेल लाइन जतन करून ठेवलेल्या आहेत आणि देशभरच्या संशोधकांना तेथून त्या पुरवल्या जातात.

पेशीकडून काम कसे करून घेतात?

पेशीत मानवी जनुक सोडले की लगेच औषध मिळते, असे नाही. लक्षावधी पेशींपैकी फारच थोड्या पेशी ते जनुक आपल्या गुणसूत्रात सामावून घेतात. त्या नेमक्या निवडायच्या कशा? १९८० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गेल उरलॉब आणि लॉरेन्स चेसिन यांनी सीएचओ पेशींचा एक अपंग प्रकार तयार केला. त्याच्यात वाढीसाठी लागणारे एक विकर नव्हते; विशिष्ट पोषकद्रव्ये बाहेरून पुरवल्याशिवाय त्या पेशी वाढत नसत. औषधाच्या जनुकाला त्या विकराचे जनुक जोडून पेशींत सोडायचे आणि मग ती पोषकद्रव्ये काढून घ्यायची, अशी युक्ती यातून साधली. ज्यांनी जनुके स्वीकारली त्या तगतात, बाकीच्या मरतात. पुढे मेथोट्रेक्सेट हे औषध हळूहळू वाढत्या प्रमाणात दिले की, जगण्यासाठी पेशी त्या विकराच्या जनुकाच्या अनेक प्रती करतात. त्याच्यासोबत औषधाच्या जनुकाच्याही प्रती वाढतात, आणि पेशी अधिक औषध करू लागते. मेथोट्रेक्सेट हे स्वतः कर्करोगावरील जुने औषध आहे, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा.

निवडलेल्या पेशींपैकी एका उत्तम पेशीपासून सारा वंश वाढवला जातो. त्याच्या शेकडो लहान कुप्या द्रव नायट्रोजनच्या कडाक्याच्या थंडीत जपून ठेवतात. ही त्या औषधाची मूळ पेशीपेढी. उत्पादनाच्या वेळी त्यातील एक कुपी बाहेर काढून पेशी आधी लहान पात्रात, मग मोठ्या पात्रात आणि शेवटी हजारो लिटरच्या पोलादी टाकीत वाढवतात. पूर्वी त्यांना वासराच्या गर्भातील रक्तद्रव खाद्य म्हणून देत. गोवंशातील रोगांची भीती वाढल्यावर ती पद्धत मागे पडली. आता ठरावीक रसायनांचेच खाद्य देण्याकडे कल आहे. पेशी आपले प्रथिन भोवतालच्या द्रवात सोडतात. ते गाळून, शुद्ध करून, विषाणूंचा शिरकाव झाला नसल्याची खात्री करून, दोन ते आठ अंश तापमानात रुग्णालयापर्यंत न्यावे लागते.

रुग्णांच्या पदरात काय पडले?

१९८७ साली अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे ‘टीपीए’ हे औषध मान्य झाले. जनुकीय बदल केलेल्या सस्तन पेशींतून आलेले ते पहिले औषध. १९८९ साली एरिथ्रोपोएटिन आले. डायलिसिसवरील रुग्णांच्या अंगात रक्त तयार होत नसल्याने त्यांना वारंवार रक्त चढवावे लागे. त्या यातनेतून या औषधाने पुष्कळ रुग्णांना सोडवले.

हिमोफिलियाची कथा अधिक करुण आहे. या रुग्णांचे रक्त गोठत नाही, म्हणून त्यांना दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेला गोठणकारी घटक देत. १९८० च्या दशकात त्या रक्तद्रवातून एचआयव्हीचा विषाणू शिरला आणि पाश्चात्त्य देशांतील हजारो रुग्ण बाधित झाले. १९९२ पासून पेशींत तयार झालेला गोठणकारी घटक मिळू लागला आणि दात्यांच्या रक्तातून येणारा तो धोका टळला. गोशे नावाच्या दुर्मीळ आजारावर १९९१ साली आलेले पहिले विकर प्रसूतीनंतर पडणाऱ्या वारेतून काढले जाई. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधासाठी हजारो वारा लागत. १९९४ साली सीएचओ पेशींतून तेच विकर मिळू लागले.

१९९८ साली ट्रास्टुझुमॅब आले. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे पंधरा ते वीस जणींच्या गाठीत ‘हर-२’ नावाचे प्रथिन अतोनात वाढलेले असते आणि तो कर्करोग वेगाने पसरतो. ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड नेमके त्या प्रथिनाला जाऊन चिकटते. ज्या निदानाने पूर्वी डॉक्टरही चिंतित होत, त्यातील पुष्कळ रुग्ण वेळीच उपचार मिळाल्यास आज बऱ्या होतात. हे औषध सर्वांसाठी नाही. गाठीची तपासणी केल्याखेरीज ते देत नाहीत आणि उपचार चालू असताना हृदयावरही लक्ष ठेवावे लागते.

आपल्या अंगणातील उदाहरण द्यायचे तर ते पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचे. खोल जखमेत लसीबरोबर तयार प्रतिपिंडेही टोचावी लागतात. ती घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढत आणि त्यांचा तुटवडा नेहमीचाच असे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संस्थेसह पेशींतून तयार होणारे प्रतिपिंड विकसित केले आणि २०१६ साली त्याला भारतात परवाना मिळाला.

सदसद्विवेकबुद्धीचा पहिला प्रश्न

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. वर सांगितलेल्या औषधांपैकी बहुतेक हॅमस्टरच्या पेशींतून येतात. जगात मान्य झालेल्या अशा प्रथिन-औषधांपैकी साधारण ७० टक्के सीएचओ पेशींत तयार होतात असे मानले जाते. काही उंदराच्या पेशींत, तर काही जिवाणू वा किण्वांत. ट्रास्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब आणि एरिथ्रोपोएटिन ही तिन्ही सीएचओची देणगी. त्यांच्या निर्मितीसाठी लागणाऱ्या पेशींत मानवी गर्भाचा संबंध नाही. प्राण्यांच्या वापराबाबत कॅथॉलिक धर्मशिकवण स्पष्ट आहे. मानवी प्राण वाचवण्यासाठी किंवा रोगनिवारणासाठी, वाजवी मर्यादेत, प्राण्यांवरील संशोधन ती मान्य करते. त्यांना विनाकारण पीडा देणे मान्य करीत नाही.

काही थोडी औषधे मात्र मानवी पेशींत तयार होतात. त्यांत एचईके-२९३ प्रमुख. १९७० च्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात, ॲलेक्स व्हॅन डर एब यांच्या प्रयोगशाळेत, एका गर्भाच्या मूत्रपिंडातील पेशी मिळाल्या होत्या. फ्रँक ग्रॅहम यांनी १९७३ मध्ये त्यांच्यापासून हा वंश उभा केला. २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा क्रमांक. तो गर्भपात कोणत्या परिस्थितीत झाला याची स्पष्ट नोंद नाही. मात्र तो हेतुतः केलेला होता असे सामान्यतः धरले जाते. २०१४ नंतर आलेली हिमोफिलियावरील काही नवी औषधे या पेशींत तयार होतात. शर्करेच्या फांद्या हुबेहूब माणसासारख्या मिळाव्यात, हे त्यामागील कारण. याखेरीज काही औषधे हॅमस्टरच्या पेशींत तयार होऊनही त्यांची प्रयोगशाळेतील तपासणी एचईके पेशींवर झालेली असते. कोविडवरील प्रतिपिंडांचे एक मिश्रण असेच होते.

ख्रिस्तसभेने हा प्रश्न टाळलेला नाही. २००५ साली जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीने आणि २००८ साली ‘डिग्निटास पर्सोने’ या दस्तऐवजाने जबाबदारीच्या पायऱ्या समजावून सांगितल्या. अशा पेशी वापरण्याचा निर्णय घेणारा संशोधक आणि त्या निर्णयात कोणताही सहभाग नसलेला रुग्ण किंवा पालक यांची जबाबदारी सारखी नसते. पर्याय नसेल आणि प्रकृतीला गंभीर धोका असेल, तर पालकांना अशी लस वापरता येते. मात्र आपली असहमती कळवणे आणि निर्दोष पर्यायाची मागणी करणे हे कर्तव्य उरतेच. २१ डिसेंबर २०२० रोजी श्रद्धासिद्धांत मंडळाने कोविड लसींबाबत काढलेल्या पत्रकातही हाच विचार आहे. पर्याय उपलब्ध नसताना अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे, तसे केल्याने गर्भपाताला मान्यता दिली असे होत नाही, पण उत्पादकांनी निर्दोष मार्ग शोधावेत, असे त्याचे सार सांगता येईल. हे पत्रक लसींविषयी होते. तथापि त्यातील विचार औषधांनाही लागू करता येण्याजोगा आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा. कर्करोगाने आजारी असलेल्या एखाद्या भगिनीने ऐकीव गोष्टींवरून ट्रास्टुझुमॅब नाकारले, तर ती एका नसलेल्या पापाच्या भीतीपोटी आपला प्राण धोक्यात घालील. आणि हिमोफिलियाच्या मुलासाठी एचईके पेशींतील औषध हाच एकमेव मार्ग असेल, तर त्याच्या आईवडिलांनी अपराधी भावनेने खचून जाण्याचे कारण नाही. पर्यायाविषयी डॉक्टरांना विचारावे, आपले मत कळवावे आणि मुलावर उपचार करावेत.

त्याच पत्रकातील विसरलेला भाग

२०२० च्या त्या पत्रकाचे पहिले मुद्दे आपल्याकडे वारंवार सांगितले गेले. त्यातच आणखी एक मुद्दा होता, त्याचा उच्चार क्वचितच झाला. औषध उद्योग, सरकारे आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांनी सुरक्षित आणि निर्दोष लसी अतिगरीब देशांनाही परवडतील अशा रीतीने पोहोचवाव्यात, ही त्यांची नैतिक जबाबदारी आहे, असे तेथे बजावले आहे. म्हणजे औषधाचे मूळ आणि औषधाचे वाटप हे दोन्ही विषय ख्रिस्तसभेने एकाच पत्रकात मांडले. आपण त्यातील निम्मेच वाचले.

ट्रास्टुझुमॅब भारतात आले तेव्हा ४४० मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत एक लाख रुपयांहून अधिक होती. सर्वसाधारण उपचारात हे औषध दर तीन आठवड्यांनी, वर्षभर, म्हणजे सतरा-अठरा वेळा द्यावे लागते. साठ किलो वजनाच्या स्त्रीला पहिल्या मात्रेनंतर दर वेळी साधारण ३६० मिलिग्रॅम लागते. हिशेब वाचकांनीच करावा. जमीन विकावी, दागिने मोडावेत, की उपचारच सोडावा, या पेचात अनेक कुटुंबे सापडली.

पुढील घडामोडी मात्र आशादायक आहेत. २०१२ साली रोश या मूळ कंपनीने पुण्याच्या एमक्युअर कंपनीशी करार करून हे औषध वेगळ्या नावाने, सुमारे ७५ हजार रुपयांना उपलब्ध केले. औषध स्वस्त व्हावे म्हणून देशात सार्वजनिक मोहीम उभी राहिली. सक्तीच्या परवान्याचा विचार आरोग्य मंत्रालयात सुरू झाला. २०१३ मध्ये रोशने भारतातील पेटंटचा आग्रह सोडला. त्याच वर्षाच्या अखेरीस बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीच्या औषधाला भारतात मंजुरी मिळाली आणि २०१४ च्या आरंभी ते ५७,५०० रुपयांना बाजारात आले. रोश न्यायालयात गेली. पण औषध रुग्णांपर्यंत पोहोचत राहिले. पुढे आणखी भारतीय कंपन्या उतरल्या आणि किमती अधिक खाली आल्या. डिसेंबर २०१७ मध्ये बायोकॉन आणि मायलन यांच्या ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेनेही मान्यता दिली. त्या देशात मान्य झालेली मूळ औषधाची ती पहिली बायोसिमिलर आवृत्ती होती.

बायोसिमिलर म्हणजे मूळ औषधाशी अतिशय मिळतेजुळते जैविक औषध. साध्या गोळीची नक्कल रेणूला रेणू जुळवून करता येते. जिवंत पेशींच्या बाबतीत तसे होत नाही. दुसऱ्या कंपनीला स्वतःची सेल लाइन नव्याने घडवावी लागते आणि शर्करेच्या फांद्यांत थोडाफार फरक पडतोच. म्हणून हा फरक रुग्णाला बाधत नाही हे सिद्ध करावे लागते. त्या सिद्धतेसाठी होणारा खर्च हेही किमती चढ्या राहण्याचे एक कारण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक मसुदा प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील तुलना पुरेशी भक्कम असेल, तर रुग्णांवरील मोठ्या तुलनात्मक चाचण्या बहुधा आवश्यक नसाव्यात, अशी त्याची दिशा आहे. तिची अंमलबजावणी काळजीपूर्वक झाली, तर स्वस्त औषधांची वाट मोकळी होईल.

खर्च कशाचा आणि किंमत कशाची?

उत्पादकांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. एक कारखाना उभारण्यास प्रचंड भांडवल लागते. अनेक औषधे चाचण्यांतच अपयशी ठरतात. त्यांचा खर्च यशस्वी औषधांनी भरून काढावा लागतो. थोडासा निष्काळजीपणाही भोवतो. २००९ साली बोस्टनमधील जेनझाइम कंपनीच्या कारखान्यात पेशींच्या टाकीत विषाणू शिरला आणि उत्पादन थांबवावे लागले. परिणामी गोशे आणि फॅब्री या दुर्मीळ आजारांच्या जगभरातील रुग्णांना अपुऱ्या मात्रांवर दिवस काढावे लागले. एखाद्या आजाराचे औषध जगात एकाच ठिकाणी तयार होत असेल तर किती धोका असतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

असे असले तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९८० च्या दशकात लिटरभर द्रवातून काही दशक मिलिग्रॅम प्रथिन मिळे. आज सुधारलेल्या सीएचओ पेशी लिटरमागे पाच ग्रॅमपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक प्रथिन देतात. म्हणजे उत्पादन सुमारे शंभरपटीने वाढले. दहा हजार लिटरच्या एका टाकीतून पन्नास किलो प्रथिन निघते, असे धरू. शुद्धीकरणात बराचसा भाग वाया गेला तरी ३६० मिलिग्रॅमच्या सुमारे एक लाख मात्रा एका खेपेतून हाती येतात. टाकीतील ती वाढ पंधरा दिवसांच्या आसपास चालते. पेशींनी आपले काम शंभरपट वाढवले. किमती मात्र त्या प्रमाणात उतरल्या नाहीत. भारतात त्या उतरल्या त्या स्पर्धा, लोकमत आणि शासनाचा दबाव एकत्र आल्यावर. याचा अर्थ किंमत ही माणसांच्या निर्णयातून ठरते. आणि माणसांचे निर्णय बदलता येतात.

अजूनही बरेच काही करायचे राहिले आहे. ट्रास्टुझुमॅबला कर्करोगाचे विषारी औषध जोडून तयार केलेले ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकन हे नवे औषध आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते आणि अन्य दोन कर्करोग-औषधे सीमाशुल्कातून मुक्त करण्यात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी ३६ जीवरक्षक औषधांना तशी सूट मिळाली. हे स्वागतार्ह आहे; पण मूळ किंमतच अवाढव्य असेल तर शुल्कमाफीने सामान्य कुटुंबाचा भार थोडासाच हलका होतो. दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चे राष्ट्रीय धोरण आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील एक मान्यताप्राप्त केंद्र आहे. २०२२ पासून एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. परंतु गोशेच्या मुलाला विकर आयुष्यभर लागते आणि वजनाप्रमाणे मात्रा वाढत असल्याने मूल मोठे होईल तसा खर्चही वाढतो. मर्यादा संपल्यावर काय, हा त्या आईवडिलांचा प्रश्न आहे.

आपण काय करू शकतो?

आपल्या धर्मग्रामांत आजारी व्यक्तींना भेट देणारे गट आहेत, मदतनिधी आहेत, परिचारिका आणि डॉक्टर आहेत. त्यांच्यासाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. महागडे इंजेक्शन लिहून दिले गेल्यास त्याचे बायोसिमिलर उपलब्ध आहे का आणि ते या रुग्णाला चालेल का, हे डॉक्टरांना नि:संकोच विचारावे. औषधावर छापलेली कमाल किंमत आणि रुग्णालय प्रत्यक्ष आकारीत असलेली किंमत यांत फरक असू शकतो, चौकशी करावी. मोठ्या रुग्णालयांच्या समाजसेवा विभागात शासकीय योजना आणि विश्वस्त निधी यांची माहिती मिळते. उपचार सोडण्याआधी तेथे एकदा जाऊन यावे. औषध ‘कोणत्या पेशीचे’ याविषयी मनात शंका असेल तर समाजमाध्यमांवरील संदेशांवर विसंबू नये. डॉक्टरांना आणि आपल्या धर्मगुरूंना विचारावे. आणि औषधांच्या किमतीचा विषय निवडणुकीपुरता न ठेवता लोकप्रतिनिधींपुढे मांडत राहावा. २०१३ सालच्या घटनाक्रमाने हे प्रयत्न वाया जात नाहीत, हे दाखवले आहे.

दयाळू शोमरोन्याची कथा आपण अनेकदा ऐकतो. त्याने जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, हे आपल्या चांगले लक्षात राहते. त्याने दुसऱ्या दिवशी उताराशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि आणखी खर्च झाल्यास तो परत येताना भरून देण्याचे वचन दिले, याकडे मात्र आपले तितकेसे लक्ष जात नाही. शोमरोन्याने उपचारही केला आणि त्याचे पैसेही भरले. एका हॅमस्टरच्या पेशींपासून माणसाच्या कर्करोगावर औषध तयार करण्याची बुद्धी माणसाला लाभली. ते औषध रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचवण्याची इच्छाशक्ती आपल्यापाशी किती आहे, यावरच पुढची वाटचाल अवलंबून आहे.